बाबासाहेब कुठे म्हणाले? : संदर्भ देण्याची आंबेडकरी परंपरा आणि आपण



१४ एप्रिल जवळ आला की आपल्या मोबाईलवर बाबासाहेबांच्या वाक्यांचा पाऊस सुरू होतो. निळा रंग, कोटातला फोटो, मध्ये एक वाक्य आणि खाली नाव. ग्रंथाचे नाव नाही, वर्ष नाही, पान नाही. आपण वाचतो, छाती भरून येते आणि पुढच्या दहा ग्रुपवर पाठवून देतो.

काही वर्षांपूर्वी आमच्यातलाच एक तरुण कार्यकर्ता एका महाविद्यालयातल्या चर्चेत बोलत होता. मुद्देसूद बोलत होता. शेवटी त्याने असेच एक वाक्य बाबासाहेबांच्या नावाने म्हटले. समोरच्या बाकावरून एकाने शांतपणे विचारले, "हे बाबासाहेब कुठे म्हणाले? कुठल्या खंडात आहे?" आमचा कार्यकर्ता गप्प. सभागृहात हशा पिकला. त्याने आधी सांगितलेल्या दहा खऱ्या गोष्टी त्या एका हशात वाहून गेल्या. आम्ही मागच्या रांगेत बसलो होतो आणि आमचीही मान खाली होती, कारण तेच वाक्य आदल्या आठवड्यात आम्हीही पुढे पाठवले होते.

त्या दिवसापासून आम्ही एक गोष्ट मनाशी पक्की केली. संदर्भ देणे ही विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या मागे लावलेली कटकट नाही. ते आपल्या चळवळीचे जुने हत्यार आहे, आणि ते बाबासाहेबांनी स्वतः घडवून आपल्या हाती दिले आहे. आज आपणच ते गंजू देत आहोत. हा लेख त्याविषयी आहे.

सुरुवात महाडपासून करू. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले, हे आपल्या मुलाबाळांना तोंडपाठ आहे. पण त्यानंतर दहा वर्षे चाललेली कोर्टाची लढाई किती जणांना माहीत आहे? डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सवर्णांनी बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दावा लावला. त्यांचे म्हणणे काय होते? तर अस्पृश्यांनी या तळ्याला शिवू नये ही अनादी काळापासूनची वहिवाट आहे. 'अनादी काळापासून' हा ब्राह्मणी व्यवस्थेचा सगळ्यात आवडता शब्द. देवळात तो चालतो, गावच्या चावडीवर चालतो. कोर्टात मात्र वहिवाट सिद्ध करावी लागते. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, की अशी अनादी वहिवाट वादींना सिद्ध करता आलेली नाही. तळ्याचे पाणी पिण्याचा हक्क आपण सत्याग्रहाने बजावला, आणि तो कायद्याने टिकला तो समोरच्याकडे पुरावा नव्हता म्हणून.

'पुरावा दाखव' ही मागणी शोषितांच्या बाजूची आहे, हे यावरून लक्षात घ्या. ज्याच्याकडे सत्ता असते त्याला संदर्भाची गरज पडत नाही. तो 'शास्त्रात आहे' एवढेच म्हणतो. कुठल्या शास्त्रात, कुठल्या अध्यायात, हे विचारण्याची सोय नसते, कारण विचारणाऱ्याला ते शास्त्र वाचायचीच बंदी असते. बाबासाहेबांनी ही बंदी मोडली आणि अध्याय आणि श्लोक यांचा आकडा मागितला.

आता त्यांची लिहिण्याची पद्धत पाहू. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी जातीवरचा निबंध वाचला. वय वर्षे पंचवीस. जन्माने जात भोगलेला माणूस. तो थेट स्वतःचे मत सांगू शकला असता, कोणी अडवले नसते. पण त्यांनी आधी चार अभ्यासकांच्या जातीच्या व्याख्या एकेक करून मांडल्या. सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले मराठी ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. प्रत्येकाचे नाव घेऊन, प्रत्येकाची व्याख्या देऊन, तिच्यात काय बरोबर आणि काय अपुरे ते दाखवले. केतकरांच्या व्याख्येत त्यांना जास्त दम वाटला, तर तसेही मोकळेपणाने लिहिले आणि मग तिच्यातली गफलत दाखवली. आधी दुसऱ्याचे म्हणणे त्याच्या नावासह पूर्ण सांगायचे, मग आपले सांगायचे. संदर्भ देण्याचा गाभा एवढाच आहे. स्वल्पविराम कुठे द्यायचा हा नंतरचा प्रश्न.

१९२३ साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी चलनाच्या प्रश्नावर केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञाशी वाद घातला, तो सरकारी कागदपत्रे आणि आकडे समोर ठेवून. त्या ग्रंथाला त्यांचे शिक्षक एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे, आणि तिच्यात कॅनन यांनी आपले मतभेद उघड नोंदवले आहेत. आपल्याच पुस्तकाच्या पहिल्या पानांवर आपल्याशी असहमत असलेल्या माणसाला जागा देणे, याला पुराव्यावरचा विश्वास म्हणतात.

'जातिनिर्मूलन' तर आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात असते. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने भाषणाला बोलावले, मजकूर पाहून घाबरले आणि परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने दीड हजार प्रती काढून छापले. पण नुसते भाषण छापले नाही. मंडळाशी झालेला पत्रव्यवहारही सोबत दिला, म्हणजे वाचकाने स्वतः ठरवावे की कोण कुठे मागे हटले. पुढे जुलै १९३६ मध्ये गांधींनी 'हरिजन'मध्ये या पुस्तकावर टीका केली. बाबासाहेबांनी दुसऱ्या आवृत्तीत गांधींचे ते लेख परिशिष्टात छापले आणि त्याखाली आपले उत्तर दिले. आजच्या काळात विचार करा. आपण विरोधकाच्या पोस्टचा एक तुकडा कापतो, त्यावर लाल वर्तुळ काढतो आणि फिरवतो. बाबासाहेबांनी विरोधकाचे पूर्ण म्हणणे वाचकापुढे ठेवले आणि तरीही वाद जिंकला.

त्या उत्तरात एक बारीक गोष्ट आहे, ती आपल्या प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याने पाठ करावी. गांधींचा आक्षेप होता की बाबासाहेबांनी दिलेली शास्त्रवचने अस्सल मानता येत नाहीत. बाबासाहेबांनी काय उत्तर दिले? आपण या विषयातले अधिकारी असल्याचा दावा करत नाही, असे त्यांनी सरळ सांगितले, आणि ही वचने आपण टिळकांच्या लेखनातून घेतली आहेत, असे नमूद केले. टिळक संस्कृत आणि शास्त्रांचे मान्यवर पंडित, मग तक्रार असेल तर ती त्यांच्याकडे! यात टोला आहेच. पण टोल्याच्या आत शिस्तही आहे. त्यांनी वचन जिथे वाचले तिथला पत्ता दिला. मूळ पोथी आपण पाहिल्याचा आव आणला नाही. आज शेकडो प्रबंधांत दुसऱ्याच्या पुस्तकातली तळटीप उचलून, मूळ ग्रंथ स्वतः वाचल्यासारखी लावलेली असते. ज्याने ती तळटीप घेतली त्याला मूळ पुस्तकाची चूकही सोबत मिळते. नियम साधा आहे. जे स्वतः पाहिले त्याचा संदर्भ द्या. दुसऱ्याच्या पुस्तकात पाहिले असेल तर 'अमुक यांच्या ग्रंथात उद्धृत' असे लिहा. यात कमीपणा नाही, बाबासाहेबांनी केले आहे.

मूळ पाहणे शक्य असेल तेव्हा मात्र ते थांबत नसत. 'शूद्र पूर्वी कोण होते?' या १९४६ च्या ग्रंथात महाभारताच्या शांतिपर्वातील पैजवनाचा उल्लेख हा त्यांच्या मांडणीचा मोठा आधार आहे. तिथे त्यांनी छापील एका प्रतीवर भागवले नाही, वेगवेगळ्या हस्तलिखितांतले पाठ ताडून पाहिले. आणि १९४८ च्या 'अस्पृश्य' ग्रंथाच्या प्रस्तावनेत, इतिहासाचे दुवे तुटलेले असताना अभ्यासकाने काय करावे याची चर्चा केली. निश्चित काय आणि अनिश्चित काय हे वेगळे सांगण्याचे इतिहासकाराचे कर्तव्य त्यांनी गटेचा हवाला देऊन मांडले, आणि पुराव्यात जिथे खंड पडतो तिथे आपण तर्काने पूल बांधत आहोत हे लपवले नाही. तर्काला तर्क म्हणणे आणि पुराव्याला पुरावा म्हणणे, हाही संदर्भ देण्याचाच भाग आहे.

आता संविधान सभेकडे या. 'संवैधानिक नैतिकता' हा शब्द आज न्यायालयापासून गल्लीपर्यंत बाबासाहेबांच्या नावाने चालतो. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात त्यांनी तो वापरला तेव्हा तो ग्रीसचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रोट यांचा आहे, असे नाव घेऊन सांगितले. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात, कितीही मोठा माणूस असला तरी त्याच्या पायाशी आपले स्वातंत्र्य वाहू नये हा इशारा त्यांनी जॉन स्टुअर्ट मिलच्या नावाने दिला. स्वाभिमान गहाण टाकून कृतज्ञ राहता येत नाही, हा विचार आयर्लंडचे देशभक्त डॅनियल ओकॉनेल यांच्या नावाने दिला. आपल्या पोस्टरवर मिल आणि ओकॉनेल गायब झाले आणि वाक्ये बाबासाहेबांची झाली. आपण हे भक्तीने करतो, पण त्यातून बाबासाहेबांचाच प्रामाणिकपणा पुसला जातो. ज्यांचे श्रेय त्यांनी भर सभागृहात दिले, ते काढून घेणारे आपण कोण?

त्याच भाषणात त्यांनी संविधानाच्या कामाचे श्रेय बी. एन. राव, १४१ दिवस बसलेल्या मसुदा समितीचे सदस्य आणि मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांनाही दिले. आज मनुवादी मंडळी हाच उतारा काढून म्हणतात, 'बघा, ते स्वतःच म्हणतात की संविधान त्यांनी लिहिले नाही.' याला उत्तर काय? उतारा नाकारायचा नाही. तो आहे, आणि अभिमानाने आहे. त्याच्या शेजारी टी. टी. कृष्णम्माचारी यांचे ५ नोव्हेंबर १९४८ चे भाषण ठेवायचे. मसुदा समितीतले कोण गेले, कोण परदेशी होते, कोण आजारी होते आणि शेवटी सगळा भार डॉ. आंबेडकरांवर कसा पडला, हे त्यांनी त्याच सभागृहात सांगितले आहे. ते स्वतः त्या समितीचे सदस्य होते. खोट्या अवतरणाला खरे अवतरण तारखेसह, आणि अर्ध्या अवतरणाला पूर्ण अवतरण, हेच उत्तर असते.

इथे एक अडचणीची गोष्ट बोलली पाहिजे. आपण बोललो नाही तर दुसरे बोलतील आणि वाकडी करून बोलतील. 'जातिनिर्मूलन'मध्ये कोलंबियातले त्यांचे गुरू जॉन ड्युई यांच्या १९१६ च्या 'डेमॉक्रसी अँड एज्युकेशन' या ग्रंथातले शब्दप्रयोग आणि वाक्ये अवतरणचिन्हांशिवाय येतात, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. ते खरे आहे. त्याच भाषणात बाबासाहेबांनी ड्युईंचे नाव घेतले आहे, ते आपले शिक्षक आणि आपण त्यांचे फार ऋणी आहोत असे सांगितले आहे, हेही खरे आहे. तो मजकूर बोलण्यासाठी लिहिलेला होता, पदवीसाठी सादर केलेला प्रबंध नव्हता. दोन्ही गोष्टी एका दमात सांगाव्यात. बाबासाहेबांना झाकपाकीची गरज नाही. आणि आज प्रबंध लिहिणाऱ्याने 'बाबासाहेबांनीही असे केले' म्हणून पळवाट काढू नये. प्रबंधाचे नियम वेगळे असतात, आणि त्यांचे प्रबंध त्या नियमांना उतरलेले आहेत.

दुसरे उदाहरण 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली हा ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात मूळ पाली ग्रंथांचे संदर्भ नव्हते. टीकाकारांना आयते कोलीत मिळाले. हे बुद्धाचे नाही, आंबेडकरांचे आहे, असे म्हटले गेले. त्यावर भदंत आनंद कौसल्यायन यांनी काय केले? घोषणा दिल्या नाहीत. ग्रंथाचा हिंदी अनुवाद करताना त्रिपिटक आणि इतर साधने चाळून मजकुराची मुळे शोधली आणि वाचकांपुढे ठेवली. अनुयायाने कसे वागावे याचा हा धडा आहे. गुरूच्या ग्रंथात तळटीप राहिली असेल तर शिष्याने ती शोधून लावायची.

आणि आपण काय करतो आहोत? ऑगस्ट २०१९ मध्ये कलम ३७० हटवले गेले तेव्हा बाबासाहेबांनी शेख अब्दुल्लांना सुनावल्याचा एक लांबलचक उतारा वर्तमानपत्रांतून आणि भाषणांतून फिरला. तो संविधान सभेच्या कामकाजात नाही, महाराष्ट्र शासनाच्या खंडांत नाही. तो बलराज मधोक यांच्या कथनावरून पुढे आल्याचे सांगितले जाते. काश्मीरवर बाबासाहेबांचे खरे मत उपलब्ध आहे. १० ऑक्टोबर १९५१ च्या राजीनाम्याच्या निवेदनात त्यांनी काश्मीरच्या फाळणीचा मार्ग सुचवला आहे. ते मत कोणाला पटो न पटो, ते त्यांचे आहे. पण खऱ्याला तारीख असूनही खोटेच जास्त फिरले, कारण तारीख विचारण्याची सवय ना त्यांना होती ना आपल्याला. त्यांच्या खोट्या अवतरणावर बोट ठेवायचे तर आपली बोटे आधी स्वच्छ असावी लागतात.

अर्धे अवतरणही खोट्याइतकेच घातक. संविधान जाळणारा पहिला मी असेन, अशा अर्थाचे बाबासाहेबांचे बोलणे राज्यसभेत २ सप्टेंबर १९५३ चे आहे. ते खरे आहे, नाकारू नका. पण १९ मार्च १९५५ रोजी त्याच सभागृहात त्यांना याची आठवण करून दिली गेली, तेव्हा त्यांनी देवासाठी बांधलेल्या मंदिराचा असुरांनी ताबा घेतल्याचा दृष्टांत देऊन खुलासा केला. जो १९५३ सांगतो आणि १९५५ गाळतो, तो बाबासाहेबांना उद्धृत करत नाही, वापरतो.

आता आपल्या घरातल्या गोष्टी. शिक्षणाला वाघिणीचे दूध म्हणणारे वाक्य आपल्या वस्त्यांच्या भिंतीभिंतीवर आहे. त्याखाली ग्रंथ किंवा भाषणाची तारीख आम्ही कधी पाहिली नाही. उलट 'वाघिणीचे दूध' ही उपमा इंग्रजी भाषेच्या संदर्भात विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावावर सांगितली जाते, ज्या चिपळूणकरांनी निबंधमालेतून आपल्या जोतीरावांची टिंगल केली! भिंतीवर राहू द्या हवे तर. प्रबंधात आणि वादात मात्र, जोवर पान हाती नाही तोवर, घालू नका.

'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' हा तर आपला श्वास. पण १९४२ च्या जुलैमध्ये नागपूरच्या परिषदेतल्या इंग्रजी भाषणात बाबासाहेबांचा क्रम 'एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइझ' असा आहे. मराठीत दुसरा आणि तिसरा शब्द जागा बदलून बसले. फरक पडतो का? पडतो. 'ॲजिटेट'मध्ये मन ढवळून काढणेही येते. शिकलेल्या माणसाच्या मनात आधी अस्वस्थता, मग संघटन, असा तो क्रम आहे. ही घोषणा इंग्लंडच्या समाजवादी चळवळीत त्याआधीही वापरात होती, हेही ठाऊक असावे. त्याने तिचे मोल कमी होत नाही. मूळ पाहिल्याने घोषणा लहान झाली नाही, तिचा अर्थ वाढला.

भीमा कोरेगावचेही तसेच. ५०० महारांनी २८ हजारांना कापले, असे आपण सहज म्हणतो. १ जानेवारी १८१८ रोजी लढलेल्या कंपनीच्या फौजेत इतर जातींचेही शिपाई होते, घोडदळ आणि तोफखाना होता, आणि पेशव्यांचे सगळे सैन्य एकाच वेळी लढत नव्हते. पण स्तंभाजवळ जाऊन कोरलेली नावे वाचा. 'नाक' शेवटी असलेली नावे तिथे दगडात आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे जाऊन उभे राहिले. दगडातली नावे हा कोणालाही पुसता न येणारा पुरावा आहे. तो हातात असताना फुगवलेला आकडा कशाला? फुगवलेला आकडा कोणीही टाचणी लावून फोडू शकतो, आणि त्या आवाजात दगडाचा पुरावाही ऐकू येईनासा होतो.

काही मित्र म्हणतात, तळटिपा ही ब्राह्मणी विद्वानांची चाल आहे. ज्यांना हजारो वर्षे लिहू दिले नाही त्यांच्याकडे कागद मागायचा? प्रश्न रास्त आहे. पण संदर्भ म्हणजे फक्त छापील कागद नव्हे. १९८९ साली ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ लिहिला तेव्हा त्या आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना भेटल्या, त्यांच्या मुलाखती घेतल्या, त्यांच्या आठवणी नावानिशी नोंदवल्या. चां. भ. खैरमोडे यांनी चरित्राचे खंड उभे करताना कागदांइतकीच माणसेही शोधली. तुमची आजी सत्याग्रहाला गेली होती ना? मग तिचे नाव, गाव, तिने कधी आणि कोणाला सांगितले, ते लिहा. तो संदर्भच आहे. आपल्या माणसांच्या तोंडचा इतिहास 'असे म्हणतात' या दोन शब्दांत बुडवू नका.

आता कामाचे बोलू. बाबासाहेबांचे सगळे लेखन एकाच वजनाचे साधन नाही. पहिला थर, त्यांनी हयातीत स्वतः प्रसिद्ध केलेले ग्रंथ. इथे शब्द त्यांचा आणि शेवटचा हातही त्यांचा. दुसरा थर, मरणोत्तर छापलेली हस्तलिखिते. 'रिडल्स इन हिंदुइझम' १९८७ साली चौथ्या खंडात आले, तेव्हा संपादकांपुढे सुटी प्रकरणे होती, लेखकाने अंतिम केलेली प्रत नव्हती. त्यावर केवढे वादळ उठले ते आपण जाणतो. ग्रंथ जरूर उद्धृत करा, पण मरणोत्तर प्रकाशित असे नमूद करा. तिसरा थर, मराठी भाषणे. ती बातमीदारांनी टिपून 'जनता', 'प्रबुद्ध भारत' यांत छापली. धम्मदीक्षेनंतरचे १५ ऑक्टोबर १९५६ चे भाषण २७ ऑक्टोबरच्या 'प्रबुद्ध भारत'मध्ये आले. म्हणून भाषणाची तारीख आणि छापल्याची तारीख, दोन्ही द्या. चौथा थर, पत्रांतले निनावी लेख. 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० ला निघाले, संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे होते, आणि जुलैमध्ये बाबासाहेब लंडनला गेल्यावरही पत्र चालू राहिले. त्यातले प्रत्येक अक्षर बाबासाहेबांचे धरू नका. पाचवा थर, चरित्रे आणि आठवणी. कीर किंवा खैरमोडे यांच्याकडून घेतले तर त्यांचेच नाव लिहा.

महाराष्ट्र शासनाचा खंड वापरताना नुसते 'खंड १' लिहून थांबू नका. लेखक, ग्रंथाचे नाव, मूळ प्रसिद्धीचे वर्ष, खंड आणि असल्यास भाग, संपादक, प्रकाशक, तुमच्या हातातल्या आवृत्तीचे वर्ष, पान. आवृत्ती बदलली की पान बदलू शकते. मराठी अनुवाद वापरला तर अनुवादकाचे नाव द्या, कारण ते मराठी शब्द त्याचे आहेत. 'तत्रैव' लिहिताना वरची टीप तीच आहे ना ते छपाईआधी पुन्हा पाहा. मध्ये एक नवी टीप घुसली की तत्रैव भलत्याच ग्रंथाला जाऊन चिकटतो.

पीएच.डी. करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. दहा ते चाळीस टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा सादर करा, चाळीस ते साठ असेल तर वर्षभर बंदी, साठच्या वर गेले तर नोंदणीच रद्द. आपल्या घरात पहिल्यांदाच कोणी प्रबंध लिहीत असतो. तळटीप कशी द्यायची हे सांगायला बाप नसतो, काका नसतो, आणि कित्येकदा मार्गदर्शकही सांगत नाही. चूक अज्ञानाने झाली तरी नोंद 'चोरी' अशी होते, आणि मग एका पोराची नव्हे, आरक्षणाची आणि अख्ख्या समाजाची लायकी काढली जाते. म्हणून ज्याला येते त्याने दुसऱ्याला शिकवणे हे चळवळीचेच काम आहे.

हे सगळे करायला मूळ ग्रंथ हाती हवेत. शासनाच्या खंडांची छपाई रखडली तेव्हा डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आपली माणसे पोटाला चिमटा काढून पुस्तके नेतात, आणि तिथेच खंड मिळत नाहीत, ही शोकांतिका आहे. खंडांची मागणी ही पाण्याइतकीच हक्काची मागणी आहे. ती रेटत राहू. आणि जे खंड घरात आहेत ते पूजेच्या फडताळातून खाली काढू.

येत्या जयंतीसाठी आमची एकच विनंती आहे. फलकावर बाबासाहेबांचे एक वाक्य लिहिणार असाल तर त्याखाली ग्रंथ, वर्ष आणि पान लिहा. सापडत नसेल तर ते वाक्य सोडा आणि सापडणारे घ्या. बाबासाहेबांनी एवढे लिहून ठेवले आहे की खरे वाक्य कधीच कमी पडणार नाही. मग कोणी उठून 'कुठे म्हणाले?' असे विचारले, की आपला पोरगा गप्प बसणार नाही. तो पान उघडून समोर ठेवेल.

जय भीम!